चित्रातला माणूस काय काम करतो?

मुलांनो, आधी एक कागद आणि पेन्सिल घ्या. कागदावर एक त्रिकोण काढा. त्याचं टोक खाली ठेवा. आता त्या टोकाला टोक लावून खाली दुसरा त्रिकोण काढा. वर एक लहानसा गोळा, बाजूला दोन काड्या आणि खाली दोन काड्या. झाला माणूस! ओळखलंत ना? बरोबर, हा वारली चित्रातला माणूस.

तुम्ही तो कुठे कुठे पाहिला असेल. चहाच्या कपावर, चादरीवर, आईच्या साडीच्या काठावर, हॉटेलच्या भिंतीवर. शाळेत दिवाळीची भेटकार्डं करताना तुम्ही तो काढलाही असेल. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्या वर्गातही दर दिवाळीला हीच भेटकार्डं होतात. मी फळ्यावर दोन त्रिकोण काढून द्यायचे आणि मुलं ते ओळीने उतरवून घ्यायची. सलग आठ वर्षं हे चाललं. मला अगदी खात्री होती, की आपल्याला वारली चित्र शिकवता येतं.

ते मला येत नव्हतं, हे दुसरीतल्या एका मुलाने मला दाखवून दिलं. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. तो प्रश्न काय होता, हे सांगायचं तर तुम्हाला माझ्याबरोबर डहाणूला यावं लागेल. येता ना? मग चला, पहाटेची गाडी गाठायची आहे!

मुंबईहून पश्चिम रेल्वेने विरार गाठलं, की खरी मजा सुरू होते. इमारती विरळ होतात, खाडी लागते, मिठागरं दिसतात. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. पूर्वी लोकल विरारपर्यंतच यायची. २०१३ सालापासून ती थेट डहाणू रोडपर्यंत धावते. चर्चगेटपासून हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून हा सगळा भाग पालघर जिल्ह्यात येतो.

माझी डी. एड.ची मैत्रीण डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "वारली चित्रं शिकवतेस ना? मग एकदा येऊन बघ तरी!" असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. शेवटी डिसेंबरातल्या एका शनिवारी मी निघाले.

डहाणू म्हटलं की आपल्याला समुद्र आणि चिकू आठवतात. पण स्टेशनातून बाहेर पडून समुद्राकडे पाठ केली आणि पूर्वेची वाट धरली, की वेगळाच मुलूख सुरू होतो. चिकूच्या वाड्या मागे पडतात. ताडाची उंच झाडं दिसू लागतात. भातकापणी होऊन गेली होती, त्यामुळे शेतं मोकळी होती आणि खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग होते. दूरवर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसत होता. या बाजूला गाव म्हणजे घरांचा एक गठ्ठा नसतो बरं का! चार घरं या टेकाडावर, दहा घरं त्या ओढ्यापलीकडे, अशी वस्ती विखुरलेली असते. त्या प्रत्येक वस्तीला म्हणतात पाडा. एका गावाचे आठ-दहा पाडेही असतात. इथली बरीचशी वस्ती वारली लोकांची. वारली ही आपल्या महाराष्ट्रातली आणि शेजारच्या गुजरात, दादरा-नगर हवेलीतलीही एक मोठी आदिवासी जमात आहे.

शनिवारची सकाळची शाळा भरली होती. एकाच खोलीत पहिली आणि दुसरी. मैत्रिणीने माझी ओळख करून दिली, "या शहरातल्या बाई. या तुम्हाला चित्र काढून दाखवणार आहेत."

मी खुशीत खडू उचलला. फळ्यावर माझे दोन त्रिकोण काढले. गोळा काढला, काड्या काढल्या. वाटलं, आता मुलं टाळ्या वाजवतील. आपल्याच घरचं चित्र बाईंना येतं म्हणून त्यांना आनंद होईल.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे फळ्याकडे बघत राहिले. मग मागे बसलेल्या एका मुलाने विचारलं,

"बाई, हा माणूस काय काम करतो?"

मी गडबडले. म्हटलं, "काम? काही नाही. नुसता उभा आहे."

मुलं एकमेकांकडे बघून हसली. तो मुलगा उठून पुढे आला. त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि तळहाताने माझ्या माणसाचा वरचा त्रिकोण पुसून टाकला. खालचा तसाच ठेवला. मग त्याने वरचा त्रिकोण पुन्हा काढला, पण तिरका. टोकाला टोक तसंच लागलेलं, मात्र वरचा सगळा भाग पुढे झुकलेला. हातात एक बारीक वाकडी रेघ दिली. समोर उभ्या रेघांचं दाट रान काढलं, वरच्या बाजूला बारीक ठिपके दिले. आणि काय सांगू! माझा ठोकळा माणूस क्षणात वाकून विळ्याने भात कापायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात ना, ती माणसाची कंबर आहे! कंबर ही वाकण्यासाठी असते. आठ वर्षं मी मुलांना न वाकणारी माणसं शिकवत होते.

मग बाकीची मुलंही फळ्यावर धावली. कोणी डोक्यावर भारा घेतलेली बाई काढली. बाई आहे हे कसं ओळखायचं, तर डोक्याच्या गोळ्याला मागे अंबाड्याचा छोटा गोळा. कोणी मुसळ उचललेले दोन हात काढले, कोणी ताडावर चढणारा माणूस काढला. एकीने कोंबडी आणि तिची सात पिल्लं काढली. पाच मिनिटांत फळा भरला. त्या फळ्यावर नुसतं उभं कोणीही नव्हतं.

शाळा सुटल्यावर तोच मुलगा आम्हाला त्याच्या घरी घेऊन गेला. घर कुडाचं होतं. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या जवळजवळ बांधून केलेली भिंत. तिच्यावर माती आणि शेण लिंपतात. वर गेरूचा हात फिरवला, की भिंत छान तांबूस दिसते. आत गारवा होता. एका कोपऱ्यात बांबूची विणलेली, माणसाएवढी उंच कणगी होती आणि तिच्यात नवं भात भरलेलं होतं.

आणि समोरच्या भिंतीवर, धुराने थोडा काळवंडलेला, एक मोठा पांढरा चौकोन होता.

"हा चौक," मैत्रीण म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात याच्या काकाचं लग्न झालं, तेव्हाचा."

घरातली आजी सूप बाजूला ठेवून आमच्याजवळ आली. ती वारली बोलीत सांगत होती आणि मैत्रीण मला समजावत होती. घरात लग्न असलं, की भिंतीवर चौक लिहावा लागतो. हो, त्या 'काढतात' म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो लिहितात सवासणी, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायका. लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी करणारी बाई, तिला धवलेरी म्हणतात. चौकाच्या मधोमध असते पालघाट. ही धनधान्याची, झाडाझुडपांची, लेकराबाळांची देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव असतो. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या आणि बाहेर सगळं जग! सूर्य, चंद्र, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी, नाचणारी माणसं.

मी विचारलं, "आजी, रंग कुठला?"

आजीने हसून कणगीकडे बोट केलं.

म्हणजे तांदूळ! तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पाणी घालून सरसरीत करायचे. बांबूची काडी घ्यायची, तिचं टोक दातांनी चावून मऊ करायचं. हाच कुंचला. मुलांनो, जरा विचार करून पाहा. भात पेरणाऱ्या, कापणाऱ्या, कांडणाऱ्या माणसांचं चित्र, आणि ते काढलेलं असतं त्याच भाताने. ज्या मातीत ते पिकलं, तीच माती मागे भिंत होऊन उभी असते. बाजारातून काही म्हणजे काही आणायचं नाही!

"आणि हे चित्र पुसलं गेलं तर?" मी विचारलं.

आजीला माझा प्रश्नच कळला नाही. पुसलं जाणारच. पुढचं लग्न येईल, पुन्हा भिंत सारवायची, पुन्हा चौक लिहायचा. ते चित्र भिंतीवर जपून ठेवायचं नसतं, बायकांच्या हातात जपायचं असतं. आजीला ते तिच्या आईने दिलं होतं, आईला तिच्या आईने.

परत येताना मैत्रीण म्हणाली, "इथून गंजाड जवळच आहे. तिथल्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहायचे."

आता या माणसाची गोष्ट ऐका. कारण फळ्याजवळचा तो प्रश्न मला पडला नसता, तर ही गोष्ट मला नीट समजलीच नसती.

जिव्याचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या दुःखाने त्या मुलाचं बोलणंच बंद झालं. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक वर्षं. तुम्ही एक तास न बोलता बसून पाहा, म्हणजे कळेल! भूक लागली, ताप आला, आईची आठवण आली, तर हा मुलगा सांगणार कसं? तो खाली बसायचा आणि धुळीत काडीने चित्र काढायचा. लोक चित्र बघून त्याला काय म्हणायचं आहे ते समजून घ्यायचे. शब्द गेले होते, त्यांच्या जागी रेघा आल्या.

अकराव्या वर्षाच्या सुमारास तो कळंबीपाड्यावर राहायला आला. मोठा झाला, शेतात राबू लागला. पण बोटांना लागलेली सवय सुटली नाही. एक गोष्ट लक्षात घ्या. भिंतीवर लिहिणं हे तिथे बायकांचं काम. तेही लग्नाच्या वेळचं. रोज उठून चित्र काढत बसणारा पुरुष म्हणजे नवलच! पण जिव्या काढत राहिला.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर फिरत होते. ते मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करत. त्याआधी बिहारमधल्या मधुबनी भागात जाऊन तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला त्यांनी उत्तेजन दिलं होतं. तसंच त्यांनी इथेही केलं. वारली बायकांना आणि जिव्याला कागद दिला, रंग दिला. भिंत घराबाहेर नेता येत नाही, कागद नेता येतो. १९७५ साली जिव्या म्हसे यांच्या चित्रांचं प्रदर्शन मुंबईच्या केमोल्ड कलादालनात भरलं. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरातल्या कलावंतांचं एक मोठं प्रदर्शन झालं, त्यातही त्यांची चित्रं होती. इंग्लंडचे प्रसिद्ध कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात त्यांचं प्रदर्शन झालं. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं या चित्रांत? माणसं तर तीच, दोन त्रिकोणांची!

जिव्यांची चित्रं छापलेली कुठे मिळाली, तर डोळ्यांजवळ धरून पाहा आणि प्रत्येक माणसाला त्या मुलाचा प्रश्न विचारा. तू काय काम करतोस?

शेताच्या चित्रात बघा. एक जण नांगर धरून आहे. त्याच्यापुढे बैल. दुसरीकडे बायका ओळीने वाकून आवणी करताहेत. म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावताहेत. कोणाच्या डोक्यावर भारा आहे, कोणी झोडणी करतं आहे, कोणी सुपाने पाखडतं आहे. झाडावर माकडं आहेत, तीही आपल्या उद्योगात. खाली मुंग्यांची रांग. मुंग्यासुद्धा नुसत्या ठिपक्यांसारख्या नाहीत, त्यांनाही कुठेतरी जायचं आहे.

मासेमारीच्या चित्रात एक भलंमोठं जाळं आहे. इतक्या बारीक रेघांनी विणलेलं, की ते चित्र काढायला लागलेला वेळ आणि खरं जाळं विणायला लागणारा वेळ यांत फार फरक नसावा असं वाटतं. मधोमध मासे आणि कडेला इवलीशी माणसं. जाळं मोठं, माणूस लहान. समुद्राकाठच्या, नदीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तारप्याच्या नाचाचं चित्र तर तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. गोगलगाईच्या शंखासारखी फिरत जाणारी माणसांची साखळी आणि मध्ये एक वाजवणारा. त्याच्या हातातलं लांब वाद्य म्हणजे तारपा. वाळवलेल्या भोपळ्याला नळ्या बसवून आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडून तो करतात. भात तयार झालं, की नव्या धान्याच्या आनंदात तारपा वाजतो. नाचणारे हात धरून तारपेवाल्याच्या मागे फिरत राहतात आणि गंमत म्हणजे तारप्याकडे कधीही पाठ करत नाहीत. मी भेटकार्डावर मुलांना ही साखळी काढायला शिकवत होते, पण मधला वाजवणारा कधी शिकवलाच नव्हता. मग ती माणसं फिरत होती कुणाभोवती?

हे सगळं जिव्यांना कुठे शिकायला मिळालं? चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत नाही. वर्षानुवर्षं न बोलणारा एक मुलगा पाड्यावर बसून बघत होता. बोलणारी माणसं निम्मा वेळ बोलण्यात घालवतात. त्याला बघायला वेळच वेळ होता. मुंगी कशी वळते, म्हातारी उठताना गुडघ्यावर हात कसा ठेवते, भारा घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते. आईच्या, आजीच्या, शेजारणींच्या हातांनी भिंतीवर लिहिलेल्या रेघा त्याच्याजवळ होत्याच. त्या रेघा घेऊन त्याने चौकाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि सगळा पाडा लिहून काढला.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती लपवून ठेवणं बरं नाही.

परतीच्या वाटेवर मी मोजत होते. कुडाची घरं कमी आणि सिमेंटची जास्त होती. त्यात वाईट काय? काहीच नाही. पावसात गळत नाही, दर वर्षी लिंपावं लागत नाही. ज्यांनी कधी गळक्या छपराखाली रात्र काढली नाही, त्यांनी पक्क्या घरांना नावं ठेवू नयेत. पण सिमेंटच्या भिंतीवर शेण-माती बसत नाही. मग चौकाचं काय? मैत्रिणीने सांगितलं, की काही घरांत लग्नापुरता भिंतीचा एक तुकडा गेरूने रंगवतात आणि त्यावर चौक लिहितात. माणसं वाट काढतात बघा.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्यांची. दोन त्रिकोण सोपे आहेत, म्हणून ते कोणीही उचलतं आणि कपावर छापतं. छापणाऱ्याने पाडा पाहिलेला नसतो. विकत घेणाऱ्याला चौक माहीत नसतो. ज्यांच्या आज्यांनी या रेघा जपल्या, त्यांच्या हाती मात्र त्यातलं काही येत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ही कला अमुक भागातल्या अमुक लोकांची आहे, अशी सरकारदरबारी नोंद झाली. नोंद झाली ते चांगलंच. पण मुलांनो, एक नोंद आपल्यालाही ठेवता येते. वारली चित्र काढलंत, तर ते कोणाचं आहे हे खाली लिहा. आणि आईबाबा, घरात लावायला वारली चित्र घ्यायचंच असेल, तर शक्य तेव्हा वारली चित्रकाराच्या हातचं घ्या. त्यात प्रत्येक माणूस काहीतरी करत असतो. छापील चादरीवरच्या माणसांशी ते ताडून पाहा, फरक लगेच कळेल.

आता शेवटची गोष्ट. ही माझ्या वर्गातली आहे. जिच्याबद्दल आहे तिला आणि तिच्या आईला विचारून, नाव न घेता सांगते.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. जूनमध्ये आली, डिसेंबर आला, तरी वर्गात बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. दुसऱ्या तासाला तर तिचं डोकं बाकावर टेकलेलं असायचं. मी दोन-तीनदा रागावलेही होते. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष नाही, बोलत नाही.'

डहाणूहून आल्यावर चित्रकलेच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर काहीही काढलं नाही. मुलांना म्हटलं, "सकाळी उठल्यापासून तुमच्या घरात कोण काय काम करतं, ते काढा. नुसता उभा असलेला माणूस चालणार नाही."

मुलांनी काय काय काढलं! रिक्षा पुसणारे बाबा, नळाखाली हंडा लावणारी ताई, पेपर टाकणारा दादा, देवासाठी फुलं तोडणारे आजोबा. एकाने खाटेवर झोपलेला मामा काढला आणि म्हणाला, "बाई, हा रात्रपाळी करून आलाय, हा कामच करून झोपलाय." मी म्हटलं, "चालेल!"

त्या मुलीने एक बाई काढली. पोळपाटावर वाकलेली. बाजूला पोळ्यांची चळत, बाईच्या डोक्यापेक्षा उंच. एक लहान मुलगी डबे भरत होती. एक, दोन, तीन... मी मोजले, बावीस डबे. आणि वर खिडकीत चंद्र.

मी विचारलं, "अगं, सकाळ काढायची होती ना? चंद्र कसा?"

ती बोलली नाही. तिने चार बोटं वर केली.

पहाटेचे चार. आई डबे करून देते आणि ही भरायला उठते. रोज.

मी बराच वेळ तिच्या बाकाशी उभी राहिले. सहा महिने जे मला कळलं नव्हतं, ते एका कागदावर लिहिलेलं होतं. हो, लिहिलेलंच. आजी म्हणत होती तसं.

ती मुलगी लगेच घडाघडा बोलायला लागली, असं काही झालं नाही. तशा गोष्टी फक्त सिनेमात होतात. पण आता दुसऱ्या तासाला तिचं डोकं टेकलं, तर मी रागवत नव्हते. दहा मिनिटं झोपू द्यायचे. आणि दुसऱ्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'बारकाईने बघते. चित्रातून सांगते.' ते वाचून तिची आई शाळेत येऊन माझ्यासमोर नुसती हसली. तीही फारशी बोलत नाही.

तर मुलांनो, सुरुवातीला तुम्ही कागदावर जो माणूस काढलात, तो अजून तसाच उभा असेल. त्याला असंच ताटकळत ठेवू नका. आज संध्याकाळी पाव तास घरात गप्प बसा आणि बघा. आई काय करते, बाबा काय करतात, आजीचे हात कसे चालतात. आजी-आजोबा गावाकडे असतील, तर सुट्टीत जाल तेव्हा खळं बघा, गोठा बघा, चूल बघा. मग खोडरबर घ्या, त्या माणसाचा वरचा त्रिकोण पुसा आणि पुन्हा काढा. या वेळी कमरेत थोडा वाकवा.

आणि त्याच्या हातात काय द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा!